ओव्हनवाचून अडलं नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. जेवणं उरकली होती, ओटा पुसून झाला होता, विरजण लावून झालं होतं. आई तिच्या खाटेवर जपाची माळ घेऊन बसली होती. एवढ्यात मुलाचा बंगळूरहून फोन आला. अवेळी फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं. पण त्याचा आवाज आनंदाचा होता. त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मित्राला सात महिन्यांच्या खटपटीनंतर नोकरीचं पत्र आलं होतं आणि ही बातमी जेमतेम अर्ध्या तासापूर्वीची होती.

"आई, त्याला आत्ताच्या आत्ता काहीतरी गोड करून घालायचंय. विकतचं नको, सात महिने तो विकतचंच खातोय. पण इथे ओव्हन नाही. काय करता येईल?"

'ओव्हन नाही' हे शब्द ऐकले आणि मी क्षणभर गप्पच झाले. कारण अगदी हेच शब्द पन्नास वर्षांपूर्वी मी माझ्या आईला ऐकवले होते. ते काही सल्ला विचारायला नव्हते. तक्रार म्हणून होते, आणि चांगले चारचौघींसमोर होते.

साल १९७३, जानेवारी महिना. आम्ही साताऱ्याला दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत होतो. वडील कारकून. आदल्या वर्षी पाऊस न झाल्यामुळे राज्यभर दुष्काळ पडलेला. रेशनच्या दुकानापुढे रांगा आणि पोळीऐवजी त्या लाल मिलोच्या भाकऱ्या, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या दिवसांचं वर्णन करून सांगायला नको. अशा दिवसांत माझ्या वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस झाला. तिचे वडील मोठे अधिकारी. बंगल्यावर आम्हा दहा-बारा जणींना बोलावलं होतं. तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा घरी केलेला केक पाहिला. ओव्हनचं काचेचं दार उघडून त्या मुलीच्या आईने तो बाहेर काढला तेव्हा घरभर जो वास सुटला, तो आजही मला आठवतो.

आठवड्याभराने माझा वाढदिवस होता. मैत्रिणी शाळेतून परस्पर घरी आल्या होत्या. आई काय करणार आहे असं कुणीतरी विचारलं आणि मी तोंड वाकडं करून म्हटलं, "आमच्याकडे ओव्हन नाही. आमच्याकडे काहीच होत नाही."

मला ठाऊक नव्हतं की आईने केकचा घाट आधीच घातला होता. शेजारच्या काकूंकडून तिने कृती विचारून घेतली होती. रवा, दही, साखर, थोडं तूप आणि चिमूटभर सोडा. अंडं आमच्या घरात येणं शक्यच नव्हतं. पितळी पातेल्यात चाळलेली वाळू, त्यावर डबा, खाली शेगडी आणि वर झाकणावर निखारे. युक्ती बरोबर होती. पण खालचा विस्तव जास्त झाला आणि आमची गडबड ऐकून आईने तीनदा झाकण उघडून पाहिलं. केक खालून करपला, मध्ये कच्चा राहिला आणि बसला.

आईने तो डबा मुकाट्याने मोरीत नेऊन ठेवला. मग कढई चढवली. वीस मिनिटांच्या आत आम्हा सगळ्यांच्या पुढ्यात वाटीने पाडलेल्या शिऱ्याच्या मुदी होत्या, प्रत्येकीवर एक एक बेदाणा. मैत्रिणींनी बोटं चाटून खाल्ला. मी मात्र फुरंगटून बसले आणि शिऱ्याला हात लावला नाही.

पुढे मी नोकरीला लागले, लग्न झालं, आणि १९९६ च्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून हौसेने ओव्हन घेतला. दोन-तीन वर्षं केक झाले, बिस्किटं झाली. मग शाळा, ऑफिस, विजेचं बिल या सगळ्यात तो मागे पडला. सध्या त्यात पापडाचे डबे असतात. तुमच्यापैकी अनेकींच्या घरात त्याची हीच गत झाली असेल, याची मला खात्री आहे.

असं का व्हावं, याचा विचार करताना लक्षात आलं की आपलं गोडधोड मुळात ओव्हनसाठी जन्मलेलंच नाही. ओव्हन पदार्थाला सगळ्या बाजूंनी कोरड्या, गरम हवेत कोंडतो. केकला साधारण १८० अंश सेल्सियसची धग अर्धा-पाऊण तास लागते आणि एकदा दार लावलं की करणारीच्या हातात काही राहत नाही. आपला विस्तव खालून लागतो. म्हणून आपल्या बायकांनी वेगळ्या वाटा काढल्या. ढवळायचं असेल तर शिरा आणि खीर, वाफवायचं असेल तर उकडीचे मोदक आणि खरवस, तळायचं असेल तर करंजी, आणि विस्तवाचं कामच नको असेल तर श्रीखंड. खरवसाचं तर नवल वाटावं. नुकत्याच व्यालेल्या गाईम्हशीच्या चिकात इतकी प्रथिनं असतात की नुसत्या वाफेवर तो आपोआप थिजतो, त्यात घट्ट करायला दुसरं काही घालावं लागत नाही.

जिथे वरून धग हवी तिथे झाकणावर निखारे ठेवले. गोव्याची बेबिंका अशीच होते. एक थर ओतायचा, वरच्या निखाऱ्यांवर तो तांबूस होऊ द्यायचा, मग तूप सोडून दुसरा थर. पण तो सबुरीचा पदार्थ, झटपट नव्हे. आणि खरी भट्टीच हवी असेल तर ती गावात होती. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालून बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि पत्र्याच्या डब्यात गरम नानकटाई भरून घरी आणायची. भट्टी गावाची होती, घराची नव्हती. त्यामुळे घरात ती नसण्यात कमीपणा आहे, असं आईच्या पिढीला कधी वाटलं नाही. ते मला वाटलं, बंगल्यातल्या त्या काचेच्या दारामुळे.

आता ज्यांना प्रत्यक्ष करून पाहायचंय त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

सगळ्यात झटपट गोड म्हणजे शिकरण. पिकलेली केळी, थंड दूध, साखर, वेलची. चूल पेटवायचीही गरज नाही. मात्र जेवायला बसताना करावं, आधी करून ठेवलं तर केळं काळं पडतं. त्याच्या खालोखाल शेवयांची खीर. मूठभर शेवया चमचाभर तुपावर तांबूस परतायच्या, अर्धा लिटर उकळतं दूध घालायचं, शेवया शिजल्या की साखर. पंधरा मिनिटांत होते. साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर गॅस बंद करून, खीर थोडी निवल्यावर घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध हमखास फाटतं.

पाहुणे जेवायला थांबणार असतील आणि घरात फळं असतील तर कस्टर्ड. या पावडरीची कथा मोठी गमतीची आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती १८३७ मध्ये तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडी चालत नव्हती आणि कस्टर्ड तर अंड्याशिवाय होत नसे. त्याने अंड्याऐवजी मक्याचं पीठ वापरलं. एका नवऱ्याने बायकोसाठी काढलेली ही तोड अंडं न खाणाऱ्या आपल्या घरांना इतकी मानवली की लग्नाच्या पंगतीतही 'फ्रूट सॅलड' जाऊन बसलं. अर्ध्या लिटर दुधाला दोन मोठे चमचे पावडर पुरते. ती आधी पाव वाटी गार दुधात कालवावी. गरम दुधात थेट टाकली तर गुठळ्या होतात, कारण बाहेरचं पीठ चटकन फुगतं आणि आतलं कोरडंच राहतं. फळं मिश्रण पूर्ण गार झाल्यावर घालावीत. ताजा अननस मात्र घालू नये, त्याने दूध कडवट होतं.

मुलांना स्वतःच्या हातांनी काही करायचं असेल तर बिस्किटांचा रोल. मारी बिस्किटांचा चुरा, दोन चमचे कोको, थोडं लोणी, पिठीसाखर आणि भिजेल इतकंच दूध घालून गोळा मळायचा. तो प्लॅस्टिकच्या कागदावर लाटून त्यावर सुक्या खोबऱ्याचा कीस, लोणी आणि साखर यांचं सारण पसरायचं. गुंडाळी करून दोन तास फ्रीजमध्ये ठेवायची आणि मग चकत्या कापायच्या. विस्तवाशी संबंध नसल्यामुळे आठ-नऊ वर्षांची मुलंही हे करू शकतात. चकत्या तेवढ्या मोठ्यांनी कापून द्याव्यात.

आणि केकच हवा असेल तर जाड बुडाचं पातेलं किंवा जुनी कढई घ्यावी. तळाला मीठ किंवा वाळू, त्यावर चकती, झाकण घट्ट बसणारं आणि आच मंद. दहा मिनिटं आधी तापू द्यावं आणि डबा ठेवल्यावर निदान पंचवीस मिनिटं झाकण उघडू नये. सोड्याने फुगलेलं पीठ धगीने घट्ट व्हायच्या आत गार हवा लागली की ते बसतं. आईच्या केकचं नेमकं हेच झालं होतं. अनेकजणी प्रेशर कुकर वापरतात. त्यांनी शिट्टी आणि रबराची रिंग दोन्ही काढायला विसरू नये. पण पाण्याशिवाय तापवल्याने कुकर खराब होतो, म्हणून रोजच्या वापरातला कुकर त्यासाठी घेऊच नये, असं मी म्हणेन.

हे सगळं 'झटपट' म्हणताना एक गोष्ट मात्र आपण विसरतो. वीस मिनिटांचा शिरा खरंच वीस मिनिटांचा असतो का? त्यातल्या तुपासाठी आठ-दहा दिवस कुणीतरी साय साठवलेली असते, विरजलेली असते, ताक घुसळून लोणी कढवलेलं असतं. रवा निवडून, भाजून डब्यात भरलेला असतो. शेवया उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या असतात. श्रीखंडाचा चक्का रात्रभर फडक्यात टांगलेला असतो. म्हणजे झटपट होणारं गोड हे बहुतेक वेळा कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम असतं. बासुंदी आटवायला तासभर कालथा हलवावा लागतो आणि डब्यातलं आटवलेलं दूध ते काम दहा मिनिटांवर आणतं, कारण आटवण्याचं काम कारखान्याने केलेलं असतं. गेल बोर्डेन नावाच्या अमेरिकन माणसाने १८५६ मध्ये या दुधाचं पेटंट घेतलं. दूध टिकावं हा त्याचा हेतू. आपल्या बायकांनी मात्र त्यात आपला वाचलेला तास पाहिला. तो तास वाचवणाऱ्या बाईला आळशी म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यापैकी एकानेही कधी बासुंदीचा कालथा हातात धरलेला नव्हता!

आणि दुसरी गोष्ट. आपलं हे झटपट गोड नेहमी कुणासाठी तरी असतं. परीक्षेचा निकाल, बाळ झाल्याचा निरोप, मुलगी पाहायला अचानक आलेली मंडळी, गावाहून न कळवता आलेला भाऊ. बातमी दारात उभी असते, तिला 'ओव्हन तापेपर्यंत थांब' असं म्हणता येत नाही.

तर त्या रात्रीकडे परत येते. मी मुलाला विचारलं, घरात काय काय आहे? विजेची एक शेगडी, एक कढई, एक पातेलं. उपम्यासाठी आणलेला रवा, साखर, दुधाची पिशवी. आणि आजीने दिवाळीनंतर बांधून दिलेली तुपाची बरणी, अर्धी शिल्लक. मी काही बोलायच्या आत आईने माळ खाली ठेवली आणि फोनसाठी हात पुढे केला. आईचं वय शहाऐंशी. ऐकायला थोडं कमी येतं, पण शिऱ्याचं नाव तिला बरोबर ऐकू आलं.

"वाटी आहे ना रे? एक वाटी रवा घे. तूप पाऊण वाटी. कमी करू नकोस, मी देईन परत. मंद आचेवर परत. हात थांबवायचा नाही. रवा हलका लागायला लागला आणि वास सुटला की समज झालं. आता दुसरीकडे... एकच शेगडी आहे होय? मग दूध आधीच तापवून घे. दोन वाट्या दूध, अर्धी वाटी पाणी."

"आजी, साखर आत्ताच घालू का?"

"मुळीच नाही. आधी दूध घाल, झाकण ठेव, रवा फुलू दे. साखर आधी पडली की ती पाणी ओढून घेते आणि रवा कच्चकच लागतो. फुलल्यावर पाऊण वाटी साखर. ती विरघळून शिरा सैल होईल, घाबरू नकोस. पुन्हा झाकण, पाच मिनिटं."

मध्ये एकदा गुठळ्या झाल्याचा गलका झाला. आईने दुधाचा हबका मारून कालथ्याने दाबायला सांगितलं. तो फोन तिथेच ठेवून कामाला लागला. पलीकडून कालथ्याचा आवाज येत होता आणि आई फोन कानाशी धरून तो ऐकत बसली होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुझ्या त्या वाढदिवसाला मी हाच केला होता."

मी म्हटलं, "आठवतंय. केक बिघडला म्हणून तुला फार वाईट वाटलं होतं."

"केकचं कसलं वाईट? पहिल्यांदा करताना बिघडायचाच. महिन्याची साखर मात्र दोनदा गेली. पुढचे दहा दिवस तुझे बाबा गुळाचा चहा प्यायले, पण एका शब्दाने बोलले नाहीत." ती थोडी थांबली. "तू शिरा खाल्ला नाहीस, ते मात्र लागलं होतं."

गुळाचा तो चहा मला आठवत होता. त्याचा संबंध माझ्या वाढदिवसाशी आहे, हे मला त्या रात्री कळलं. इतक्या वर्षांत आईने ते एकदाही काढलं नव्हतं. मी ओव्हन घेतला तेव्हाही नाही. तेव्हा पहिला केक खाऊन ती "छान हलका झालाय" एवढंच म्हणाली होती.

सव्वाअकराच्या सुमाराला मुलाने फोटो पाठवला. स्टीलच्या वाटीने पाडलेली मूद, एका बाजूने खचलेली, रंगाने जरा जास्तच तांबूस. मी आईला दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "त्या मुलाने खाल्ला का?"

"दोघांनी मिळून कढई पुसली म्हणे."

आईने मान डोलावली आणि पुन्हा माळ हातात घेतली. मी स्वयंपाकघरात गेले. पुसलेल्या ओट्यावर पुन्हा कढई चढवली, अर्धी वाटी रवा घेतला. या वयात रात्री साडेअकराला शिरा खाऊ नये, हे मलाही कळतं. दोन छोट्या वाट्या भरल्या आणि खाटेजवळ जाऊन बसले. आई काही बोलली नाही. तिने आपली वाटी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. मी पहिला घास तोंडात घातल्यावर मग तिने खायला सुरुवात केली.